तिसऱ्या तासाचा धूर

"हे अंगावर असलं ना, की खरा धूर नाकाला कळत नाही. शेगडीच्या खोलीजवळ लावू नकोस, राजू."

शिवकन्येनं हे दारात, चपला पायात सरकवता सरकवता सांगितलं होतं. राजेश्वरी हसली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चिठ्ठ्या निघून गेलेल्या बाटल्या नुसत्या वासावरून ओळखणारी ती. तिनं मैत्रिणीला म्हटलं, "माझ्या नाकाला तू शिकवू नकोस." शिवकन्याही हसली आणि लोहाऱ्याची जीप गाठायला निघून गेली. उंबऱ्याजवळच्या कोनाड्यात मी होते. बोलणं माझ्याबद्दलच चाललं होतं.

मित्रांनो, मी एक जुनी अत्तराची बाटली आहे. जुनी म्हणजे फक्त चार हिवाळ्यांची. पण अत्तराच्या बाटलीला एवढं वय पुष्कळ झालं. माझ्या काचेवर आता तेलकट बोटांचे ठसे आहेत, बुचाला लागून असलेल्या काचेच्या काडीचं टोक उडालं आहे आणि तळाशी जेमतेम बोटभर अत्तर उरलं आहे. तेवढं संपायच्या आत मला माझी गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म धाराशिवच्या एका मागच्या खोलीत झाला. शिवकन्या आणि राजेश्वरी तिथल्याच कॉलेजात एका बाकावर रसायनशास्त्र शिकल्या. पुढं राजेश्वरी लग्न होऊन सास्तूरला आली आणि शिवकन्येनं आईच्या शिवणयंत्राशेजारी टेबल मांडून अत्तरं करायला घेतली. लहानसा वजनकाटा, थेंब मोजायच्या नळ्या आणि कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या, एवढंच तिचं सामान. तिला थंडीसाठी एक अत्तर करायचं होतं. धुराचं आणि चामड्याचं.

चामडं माझ्यात कणभरही नाही, हे आधीच सांगते. थंड मुलखातल्या एका झाडाची साल जाळून काढलेलं काळं, डांबरासारखं तेल असतं. त्याचे मोजून थेंब, थोडी राळ, थोडा ऊद आणि खाली चंदनाचं तेल. ते तेल फार झालं तर जळक्या टायरचा वास येतो आणि कमी झालं तर मी नुसतीच गोड होते. उन्हाळ्यात मला कुणी लावलं तर शेजारचा माणूस बाक सोडून उठेल, असं शिवकन्या म्हणायची, आणि ते खरं होतं. उन्हात मी अंगावर येते. थंडीत मात्र माझा वास कातडीजवळ राहतो. सावकाश उलगडतो. आधी धूर, मग जुन्या वादीसारखं चामडं, आणि शेवटी देवघरातल्या उदासारखं काहीतरी गोड.

पण हे सगळं खरंच तसं घडतं का, हे कुणीतरी अंगावर लावून, दिवसभर वावरून, नेमकं सांगावं लागतं. शिवकन्येचा विश्वास एकाच नाकावर होता. म्हणून बाळ बघायला आली तेव्हा झबलं-टोपड्याच्या पिशवीतून तिनं मला सास्तूरला आणलं.

राजेश्वरीचं बाळंतपण सासरीच झालं होतं. तिची आई तिच्या लग्नाआधीच वारली, त्यामुळं माहेरी करणारं कुणी नव्हतं. केलं ते सासूनं, मथुराबाईंनी. बाळाचं नाव उत्कर्ष. राजेश्वरी या बाळाला इतकी जपायची, की मला काचेतून बघतानाही दमायला व्हायचं. बाळ झोपलं की ती त्याच्या नाकाखाली बोट धरायची. बोटाला वारा लागला की उठायची, आणि दोन भांडी घासून परत बोट धरायला यायची. शिंक आली तर ती वेळ लिहून ठेवायची. तिचा नवरा कृष्णराज लोहारा-सास्तूर जीप चालवायचा. तो दिवसातून चार वेळा फोन करायचा, कारण न केल्यास ती करायची. मथुराबाई म्हणायच्या, "लेकरू हाय का दुधाचं पातेलं? उतू चाललंय का बघायलीस सारखी."

अशा घरात मी आले. आणि खरं सांगते, मी आल्यावर राजेश्वरीला दिवसातला तासभर स्वतःचा मिळाला. तिनं दोनशे पानी वही काढली आणि नियम ठरवले. बाळ उजव्या हातावर असतं, म्हणून मला डाव्या मनगटावर लावायचं. दुसरा थेंब शालीच्या काठाला. पाजायच्या आधी मनगट साबणानं धुवायचं, शाल खुंटीला लावायची. मग घड्याळ बघून दर तासाला नोंद. धूर किती, चामडं किती, हाताच्या अंतरावर येतो की नाक टेकावं लागतं, गार वाऱ्यात काय होतं, चुलीच्या उबेला काय होतं. पहिल्या आठवड्यानंतर तिनं शिवकन्येला कळवलं की चामडं उत्तम आहे, पण धूर तासाभरात मरतो. थंडीच्या अत्तरात धूर निदान तीन तास राहिला पाहिजे.

त्याच दिवसांत मथुराबाईंनी मला हुंगलं. राजेश्वरी ओसरीत बसून लिहीत होती, तेव्हा त्या शेजारी येऊन टेकल्या आणि काडी नाकाजवळ नेऊन हुंगत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही तर मोट हाय."

राजेश्वरीला आधी कळलं नाही. मथुराबाईंनी सांगितलं, की त्यांच्या लहानपणी वडील विहिरीवर बैलांनी मोट ओढायचे. मोठी चामड्याची, पाणी उपसायची मोट. थंडीच्या पहाटे विहिरीच्या कडेला शेकोटी पेटलेली असायची आणि मोटेचा, धुराचा, बैलाच्या घामाचा वास वडिलांच्या घोंगडीला लागायचा. त्या घोंगडीत त्या झोपायच्या. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. पण लगेच त्यांनी नाक मुरडलं. "वास बराबर हाय, पण ही मोट कोरडी हाय. वल्या चामड्याचा वास येगळा. पाणी न्हाय यात. आन हा वास तू बाटलीत इकत आणलीस व्हय? आमी तर धुऊन घालवायचो."

राजेश्वरी सासूला आत्या म्हणायची. तिनं ते जसंच्या तसं वहीत उतरवलं: 'आत्या म्हणतात, पाणी नाही.' माझ्या आयुष्यातली सगळ्यात खरी परीक्षा तीच. त्या दिवसापासून मथुराबाईंच्या पदरालाही रोज सकाळी माझा एक थेंब लागू लागला. सून आणि सासू एकाच वासाच्या झाल्या. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

दुसऱ्या वेळी शिवकन्या आली ती माझ्यात भर घालायला. त्या काळ्या तेलाचे आणखी काही थेंब तिनं मोजून माझ्यात सोडले आणि म्हणाली, आता धूर तीन तास टिकायला हवा, बघून सांग. सुरुवातीला मी सांगितलं ते दारातलं बोलणं त्याच दिवशीचं.

आता या घराबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं त्यावाचून समजायचं नाही. मथुराबाईंचं पहिलं घर दगडामातीचं, सपाट मातीच्या छताचं, माळवदाचं होतं. छताला धूर जायला भोक होतं. त्या घरात बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवत, निखाऱ्यांवर ओवा, वेखंड, लसणाची टरफलं टाकत आणि न्हाऊन आलेल्या बाळाला त्या धुरीची ऊब देत. मथुराबाईंनी स्वतःची लेकरं तशीच वाढवली. मग त्र्याण्णवच्या भूकंपात ते घर एका पहाटेत मातीचा ढीग झालं. पुढं कित्येक महिने मथुराबाई कुठल्याच छताखाली झोपल्या नाहीत. गावाचं पुनर्वसन होऊन सिमेंटचं घर मिळालं, तेव्हाही बरेच दिवस बाज अंगणातच होती. हळूहळू त्यांचा भरवसा बसला. हे घर पडत न्हाय, असं त्या येईल त्याला सांगायच्या. घर खरंच पडणारं नव्हतं. स्लॅब पक्का, भिंती पक्क्या, दार घट्ट बसणारं. फक्त छताला भोक नव्हतं.

धुरी रोज दहा मिनिटांची असायची. मग मथुराबाई शेगडी अंगणात नेऊन ठेवायच्या. राजेश्वरी या दहा मिनिटांत तीनदा दार उघडून बघायची. त्यावरून कुरबूर चालायची. आदल्या संध्याकाळी मथुराबाईंचा संयम सुटला. सारखं दार उघडतीस, गार वारं आत येतं, उद्या लेकराला सर्दी झाली तर मला बोल लावू नको, असं त्या म्हणाल्या. कृष्णराजनंही समजावलं. आईनं चार लेकरं वाढवलीत, तू जरा मोकळा श्वास घे. राजेश्वरीला स्वतःचीच लाज वाटली. उद्या अजिबात दार उघडायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

तो पौषातला दिवस होता. आभाळ आलेलं, वारं सुटलेलं, आणि असली थंडी आमच्याकडं क्वचितच पडते. साडेआठला राजेश्वरीनं मला मनगटावर आणि शालीला लावलं, मथुराबाईंच्या पदराला थेंब दिला आणि वहीत वेळ टिपली. दहाच्या सुमाराला बाळाची अंघोळ झाली. मथुराबाई त्याला दुपट्यात गुंडाळून आतल्या खोलीत गेल्या. चुलीतले बाभळीचे निखारे शेगडीत होतेच. वारं आत येऊ नये म्हणून त्यांनी खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि दाराच्या खाली पोतं सारलं. आज शेगडी बाहेर न्यायची नाही, लेकराला ऊब लागू दे, असा त्यांनी विचार केला असावा. बाळाला कुशीत घेऊन त्या आडव्या झाल्या.

न्हालेलं बाळ रोज बाराच्या सुमाराला पाजायला उठायचं, तोवर राजेश्वरी बाहेरच्या खोलीत वही घेऊन बसली. शेगडी आज बाहेर आली नाही, हे वहीच्या नादात तिच्या ध्यानात आलं नाही. मी तिच्या समोर, खिडकीच्या कठड्यावर होते. एकदा ती उठली, दारापर्यंत गेली आणि कडीला हात न लावताच परत आली. स्वतःवरच खूश झाली.

अकराच्या पुढं तिनं मान वर केली. नाक ताठ झालं. मनगट नाकाला लावलं, मग शालीचा काठ लावला आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिनं लिहिलं: 'तिसरा तास. धूर पुन्हा वर आला. पहिल्यापेक्षा दाट. टिकतो! शिवकन्येला कळवणे.'

मित्रांनो, माझा धूर साडेनऊलाच संपला होता. शिवकन्येनं घातलेली भर कामाला आलीच नव्हती. त्या वेळी तिच्या मनगटावर फक्त चामडं होतं आणि थोडी राळ. तो धूर माझा नव्हता. तो दाराखालच्या पोत्यातून येत होता. मला ते माहीत होतं, कारण आपल्या अंगात काय उरलंय हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. पण मी बाटली. मला तोंड आहे ते फक्त ओतण्यापुरतं.

पुढचा अर्धा तास मी आयुष्यभर विसरणार नाही. राजेश्वरी शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होती.

तिला उठवलं ते नाकानं नाही. बारा वाजत आले आणि तिच्या छातीत दूध दाटलं. पोलक्याला ओल फुटली. रोज आधी बाळाचं रडं यायचं आणि मग दूध. आज दूध आलं, पण रडं आलं नाही. तिनं हातातलं झबलं खाली टाकलं.

दार उघडताना पोतं अडकलं. तिनं खांद्यानं रेटलं. मथुराबाई बाजेवर होत्या, डोळे अर्धवट उघडे. आत्या, आत्या, म्हणून हाक मारली तर नुसते ओठ हलले. बाळ त्यांच्या हातावर होतं आणि त्याची मान कपड्यासारखी लोंबत होती. राजेश्वरीनं त्याला शालीत उचललं आणि अंगणात धावली. मोकळ्या वाऱ्यात तिनं त्याच्या नाकाखाली बोट धरलं. दिवसातून पन्नासदा धरायची तेच बोट. वारा लागायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात शेजारची जगदेवी पिठाच्या हातानं येऊन उभी राहिली होती.

बाळाला जगदेवीच्या हातात देऊन राजेश्वरी पुन्हा आत गेली. गोधडीची दोन टोकं धरून तिनं मथुराबाईंना ओढत अंगणात आणलं. तोवर जगदेवीनं कृष्णराजला फोन लावला होता. तो वाटेत होता. त्यानं जीपमधली माणसं रस्त्यावर उतरवली, आणि असं ऐकलं की एकानंही तक्रार केली नाही. उलट एक म्हातारा बाजूला होऊन त्याला म्हणाला, "पळीव, बाबा."

मी कठड्यावरच राहिले. पण बाळाच्या शालीला मी होते, आणि राजेश्वरीच्या मनगटावरही. दवाखान्यात काय घडलं ते मला तसं कळलं. दोघांच्या तोंडाला ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी सांगितलं, कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांपासून एक विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. पण निखाऱ्यांबरोबर थोडाफार धूरही निघतो, आणि तो वास बाहेर आला असणार. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला धुराचा वास आला नाही का?

कृष्णराज शेजारी उभा होता. राजेश्वरी म्हणाली, "आला. मी तो वहीत लिहिला."

बाळ वाचलं. तिसऱ्या दिवशी ते नेहमीसारखं कर्कश रडलं आणि त्या रडण्यानं वॉर्डातली अनोळखी माणसंही हसली. मथुराबाई आठ दिवसांनी घरी आल्या. तोवर कृष्णराजनं छन्नी-हातोडा घेऊन आतल्या खोलीच्या भिंतीला, छताच्या खाली, वीतभर भोक पाडलं होतं. त्यातून उन्हाची एक तिरीप यायची. मथुराबाईंनी आत पाऊल टाकलं, वर बघितलं आणि तिथंच थांबल्या. विचारलं, "भिंतीला भेग कशानं पडली रं?"

कृष्णराजनं सांगितलं, भेग न्हाय आई, म्या पाडलंय, वारं खेळायला. त्या बऱ्याच वेळानं आत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तेच विचारलं. त्यानं तेच उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशीही. त्या वायूनं त्यांच्या डोक्यातलं काहीतरी नेलं होतं. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. बोलता बोलता त्या थांबायच्या आणि राजेश्वरीकडं बघून मवाळपणे विचारायच्या, "तू कुणाची गं?" राजेश्वरी सांगायची, तुमची सून, राजेश्वरी. बरं, म्हणून त्या मान डोलवायच्या.

मला राजेश्वरीनं वरच्या फळीवर, पितळी डब्यांच्या मागं टाकलं. वही माझ्या खाली. शिवकन्या आली, तिच्या गळ्यात पडून रडली. ते अत्तर तिनं पुन्हा कधी केलंच नाही. कुणी कुणाला दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त जड गेलं. फळीवर धूळ होती, एक पाल होती आणि अंधार होता. दोन पूर्ण हिवाळे मी तिथं काढले. खाली उत्कर्ष रांगला, उभा राहिला, बोलायला लागला, हे मी फक्त आवाजावरून ओळखलं. रोज सकाळी भिंतीच्या भोकाबद्दलचा तो प्रश्न यायचा, आणि कृष्णराजचं तेच उत्तर. एकदाही त्याच्या आवाजात कंटाळा आला नाही.

मग या वर्षी, थंडी सुरू झाली तेव्हा, उत्कर्ष पिंपावर चढला. हाताला लागली ती मी. मला घेऊन तो अंगणात पळाला, बूच उपटलं आणि काडी जमिनीवर आपटली. टोक उडालं ते तेव्हाच. जगदेवीनं तिच्या दारात नुकतीच भांडी घासली होती आणि पाण्याचा ओघळ आमच्या अंगणात आला होता. माझं निम्मं अत्तर त्या ओल्या मातीवर सांडलं. राजेश्वरी धावत आली. मला हिसकावून ती फेकणारच होती. हात वर गेला होता.

उन्हात बाजेवर बसलेल्या मथुराबाईंनी मान वर केली. नाकपुड्या हलल्या.

"आज मोट वली हाय," त्या म्हणाल्या.

राजेश्वरीचा हात तसाच राहिला. मथुराबाईंनी तिच्याकडं बघितलं आणि या वेळी, तू कुणाची, असं विचारलं नाही. म्हणाल्या, "तू लिवायची न्हवं त्या वहीत, पाणी न्हाय म्हणून? लिव आता. पाणी आलं म्हणावं, राजेश्वरी."

तीन वर्षांत कुणी न सांगता त्यांनी तिला नावानं हाक मारली ती तेव्हा पहिल्यांदा. राजेश्वरी त्यांच्या पायाशी, ओल्या मातीतच बसली. उत्कर्षला वाटलं आपल्याला मार बसणार, म्हणून तो आजीच्या पदराआड लपला. आजी त्याला बैलांची नावं सांगत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांना यातलं काही आठवत नव्हतं, हेही मी सांगायला हवं. पण तेव्हापासून रोज, ऊन अंगणात आलं की आणि फक्त अंगणातच, त्यांच्या पदराला माझा एक थेंब लागतो. कधी त्यांना विहीर आठवते, कधी वडील, कधी काहीच नाही.

राजेश्वरीनं ती वही काढली. 'तिसरा तास' या नोंदीवर तिनं काट मारली नाही. खाली फक्त एक ओळ लिहिली: 'हा धूर अत्तराचा नव्हता.' आणि आता थंडीच्या दिवसांत ती संध्याकाळी गल्लीतून एक चक्कर मारते. जगदेवीची सासू सिद्धम्मा एकटी झोपते, तिच्या दारापाशी आधी. लोक हसतात. म्हणतात, हिची काळजी आता घराबाहेर पण आली. ती ऐकून घेते.

मित्रांनो, मी संपत आले आहे. मी कुणाला हाक मारू शकत नाही, तुम्ही मारू शकता. तुमच्या घरात किंवा शेजारी या थंडीत कुणी म्हातारं माणूस, कुणी बाळंतीण शेगडी घेऊन दार लावून बसत असेल. त्यांना राग येईल, वारं आत येतं म्हणून ओरडतील, तुम्हाला भित्रं म्हणतील. म्हणू द्या. आपल्या नाकावर भरवसा ठेवू नका आणि घर पक्कं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आज संध्याकाळी जा, दार ढकला, नावानं हाक मारा. आणि आतून 'ओ' आल्याशिवाय उंबऱ्यावरून हलू नका.